इंदूरहून एखाद्या खेड्यातल्या शाळेसाठी काम करायचं असेल तर

दर वर्षी दिवाळीची साफसफाई झाली की माझा फोन वाजायला लागतो. रामबागेतून, लोकमान्य नगरातून, सुदामा नगरातून. "काकू, दोन गाठोडी जुने कपडे निघालेत, मुलांची दप्तरंही आहेत. तुम्ही जाता त्या गावात नेऊन द्याल का?" विचारणाऱ्याच्या मनात कुठलीही खोट नसते, देण्याची इच्छा अगदी खरी असते. तरी मी आताशा लगेच हो म्हणत नाही. विचारते, "कपड्यांचं नंतर बघू. तुझा आठवड्यातला एक वार मोकळा आहे का? दर आठवड्याला, निदान पाच वर्षं?"

हा लेख त्या प्रश्नानंतरही फोन न ठेवणाऱ्यांसाठी आहे.

आम्ही भिशीतल्या सहा जणींनी सुरुवात केली ती दप्तरं वाटूनच. मानपूरच्या पुढे आग्रा-मुंबई रस्ता घाट उतरून निमाडात जातो, त्या अंगाला भिल-भिलालांची वस्ती आहे. तिथल्या एका गावात आम्ही साठ दप्तरं दिली, खाऊ दिला, फोटो काढले आणि समाधानानं घरी आलो. दिवाळीनंतर आठवडाभरानं पुन्हा गेलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत दहा-बारा कुटुंबं उभी होती. आमची निळी दप्तरं त्यांच्या पाठीवर होती. आत मक्याचं पीठ, तवा, गोधड्या. मजुरीसाठी सगळे गुजरातला निघाले होते, मुलांसकट. त्या दिवशी कळलं की दप्तर नाही म्हणून कुणाची शाळा सुटत नव्हती. शाळा का सुटते हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

गाव निवडताना

गरज कुठे सगळ्यात मोठी, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आपण कुठे दर आठवड्याला जाऊन संध्याकाळी घरी परतू शकतो, हे आधी बघा. झाबुआ-अलिराजपूरचं नाव ऐकून मन तिकडे ओढ घेतं, पण वर्षातून तीनदा अलिराजपूरला जाण्यापेक्षा चाळीसदा मानपूर-महूच्या बाजूच्या गावात गेलेलं बरं. दीड तासाच्या आतलं, एकच गाव घ्या. प्राथमिक शाळा आहे पण दुसरी कुठली संस्था नियमित येत नाही, असं गाव मिळालं तर उत्तम. दुसऱ्या गावाची विनंती येईलच, आणि नाही म्हणणं फार जड जातं. तरी पहिली तीन वर्षं नाही म्हणा.

पहिल्या चार फेऱ्या रिकाम्या हातानं

खरोखरच रिकाम्या हातानं. बिस्किटाचा पुडासुद्धा नको. पहिल्या दिवशी काही वाटलंत की तुम्ही "वाटणारे" ठरता आणि पुढे कुणी तुमच्याशी दुसऱ्या विषयावर बोलत नाही.

या चार फेऱ्यांत गाव पायी फिरायचं. तिकडची गावं आपल्यासारखी एका जागी दाटलेली नसतात. ती फळियांमध्ये, म्हणजे वाड्या-पाड्यांमध्ये, विखुरलेली असतात. एक फळिया रस्त्याला, दुसरी नाल्यापलीकडे, तिसरी टेकडीवर. शाळा बहुधा रस्त्याच्या फळियात असते आणि नाल्यापलीकडची मुलं पावसाळ्यात येऊच शकत नाहीत. हा नकाशा कागदावर स्वतः काढा: फळिया, हातपंप, अंगणवाडी, शाळा, नाला, किराणा. सरपंच, पटेल (गावचा मुखिया), कोटवार (गावचा चौकीदार), आशा कार्यकर्ती, अंगणवाडीताई आणि मास्तर या सगळ्यांना त्यांच्या-त्यांच्या जागी जाऊन भेटा. हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या, दिवशी जाऊ नका, गावात कुणी नसतं.

"तुम्हाला काय हवंय?" असं विचारू नका. शहरातून येणारे जे देतात, तेच ते सांगतील. "कालचा दिवस कसा गेला?" असं विचारा. सकाळी पाणी कुणी आणलं, शेळ्या कुणी नेल्या, धाकट्याला कुणी सांभाळलं, चूल कधी पेटली. दहा घरांतल्या दहा दिवसांचा हिशेब ऐकलात की मुलगी शाळेत का नाही, हे कुणी न सांगता समजतं.

आमच्या गावात अशीच एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. वय असेल दहा. अंगणवाडी दुपारी बंद व्हायची, आई शेतावरून दिवस मावळता यायची, आणि मधल्या वेळात भाऊ तिच्या कडेवर. तिच्यासाठी वही-पेन आणून काही होणार नव्हतं. तिला मोकळे हात हवे होते. आम्ही अंगणवाडीताईंशी बोललो, पालकांच्या बैठकीत विषय काढला, आणि शेवटी गावातल्याच एका आजीला थोडं मानधन देऊन दुपारचं पाळणाघर सुरू केलं. चार मुली शाळेत बसू लागल्या. आपल्याकडे ही वाट फार जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली होती, तिचं नावच कुरणशाळा. लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या, बालनिकेतन संघ उभा करणाऱ्या पद्मश्री शालिनीताई मोघे तर आपल्या इंदूरच्याच.

शाळेत पाऊल ठेवण्याआधी

सरकारी शाळेत लेखी परवानगीशिवाय शिकवायला बसू नका. आधी मुख्याध्यापक, मग त्या भागातल्या शाळांवर लक्ष ठेवणारे जनशिक्षक, मग गटाचं बीआरसी कार्यालय, म्हणजे शिक्षण खात्याचं गट पातळीवरचं केंद्र. अर्जात वार, वेळ, कोण येणार आणि काय करणार, एवढंच लिहा. केंद्र सरकारचं विद्यांजली नावाचं पोर्टल आहे, त्यावर शाळा स्वतःच्या गरजा नोंदवतात आणि स्वयंसेवक नाव नोंदवतात. त्याचाही उपयोग होतो.

मास्तरांना कमीपणा येईल असं काहीही करू नका. दोन शिक्षक, पाच वर्ग, मतदारयादीचं काम, माध्यान्ह भोजनाचा हिशेब, पोर्टलवरची माहिती, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. आपण दोन तास येऊन मुलांना हसवतो आणि निघून जातो. उरलेला आठवडा शाळा तेच चालवतात.

शिक्षण हक्क कायदा वाचून घ्या. कायदा २००९चा आहे, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या तीन गोष्टी खेड्यात रोज लागतात. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेला अभ्यास वेगळा करून घ्यायचा. आणि प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. ही समिती बहुतेक ठिकाणी कागदावर असते. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर शोधा, मग त्या बायकांना घरी जाऊन भेटा. आमच्या गावातल्या एका सदस्य बाईंना आपण सदस्य आहोत हे आमच्याकडूनच कळलं. आता त्याच बाई भोजनाच्या डाळीत पळी घालून बघतात.

मूल वाचतं का, हे स्वतः तपासा

पाचवीतला एक मुलगा माझ्यापुढे हिंदीचं पुस्तक धरून खणखणीत वाचत होता. ओळ संपली की पान उलटत होता, सूर अगदी बरोबर. मी सहज तळहात पानावर ठेवला. तो थांबला नाही, वाचतच राहिला. अख्खा धडा त्याला पाठ होता आणि एकही अक्षर ओळखता येत नव्हतं. पाच वर्षं तो असा उत्तीर्ण होत आला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून वर्ग विचारू नका, एकेकाला जवळ बसवून तपासा. प्रथम संस्था २००५ पासून 'असर' पाहणीसाठी जी साधी चाचणी वापरते, तिच्या धर्तीवर चार चिठ्ठ्या करा: सुटी अक्षरं, दोन अक्षरी शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितासाठी एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात. परिच्छेदापासून सुरू करा. जमलं तर गोष्ट द्या, नाही जमलं तर शब्द, मग अक्षरं. मूल घाबरलेलं असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. वहीत मुलाच्या नावापुढे फक्त पातळी आणि तारीख लिहा. ही वही तुमच्या कामाचा कणा आहे, दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

मग गट पाडा ते इयत्तेनुसार नाही, पातळीनुसार. तिसरी, चौथी, पाचवीतली अक्षरवाली मुलं एकत्र, शब्दवाली एकत्र. मोठ्या मुलांना लहानांत बसायची लाज वाटते, तेव्हा मोठ्यांचा एक गट वेगळा ठेवा. पुस्तकाआधी गप्पा, मग गोष्ट, मग मुलांच्याच बोलण्यातली वाक्यं फळ्यावर लिहून वाचायची.

इथे भाषेचं सांगायलाच हवं. या मुलांच्या घरची भाषा भिली किंवा बारेली किंवा निमाडी, आणि पुस्तक हिंदीत. पहिलीतलं पोर दोन गोष्टी एकदम शिकत असतं, अक्षर आणि परकी भाषा. आपण मराठी माणसं इंदुरात वाढलेलो, घरात एक बोली आणि बाहेर दुसरी, हे आपल्याला नवं नाही. एका मुलीनं फळ्यावरचं "पानी" वाचताना "पाणी" म्हटलं आणि जीभ चावली. मी म्हटलं, "आमच्या घरीही पाणीच म्हणतात." तिचा चेहरा उजळला. ते शब्द आम्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायला लागलो, घरचा एक, पुस्तकातला एक. वर्गात त्यांची भाषा बोलणारी व्यक्ती हवीच, म्हणून पुढचा मुद्दा.

शिकवणारी मुलगी गावातली हवी

आठवड्यातून एकदा जाऊन कुणी वाचायला शिकत नाही. रोजचा दीड तास लागतो, आणि तो गावातली बारावी झालेली मुलगीच देऊ शकते. तिला मानधन द्या. ते ठरलेल्या तारखेला, बँकेत, न मागता मिळालं पाहिजे. सेवा म्हणून कर, असं तिला सांगू नका. तुमच्या-माझ्यासारखं तिच्या घरी निवृत्तिवेतन येत नाही. तिचं पुढचं शिक्षणही चालू राहील एवढं बघा. आपलं आठवड्याचं जाणं तिच्यासाठी असतं: तिच्यासोबत वही बघायची, अडलेलं मूल बघायचं, पुढच्या आठवड्याच्या गोष्टी ठरवायच्या.

पंचांग गावाचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे जरा थांबते.

शाळेचं वर्ष कागदावर दहा महिन्यांचं असतं. डोंगराळ, कोरडवाहू गावातलं खरं वर्ष जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचं, साडेचार महिन्यांचं. त्यातही जुलैमध्ये निंदणीला मोठी मुलं शेतात, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीन-मक्याची काढणी. "मैडम, मक्का कट जाए, फिर आएगा," असं आई सांगते आणि ती खोटं बोलत नसते. दिवाळी झाली की कुटुंबं सुरतेकडे बांधकामावर, कुठे कपाशीच्या कामावर जातात. परत येतात ती भगोरियाला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी जत्रेला. भगोरियाचे हाट सुरू झाले की मुलं पुन्हा दिसतात, तोवर परीक्षा तोंडावर असते.

कारण साधं आहे. जमीन दोन-तीन बिघे, पाणी नाही, पीक एकच. खत-बियाणं सावकाराकडून उधार, आणि मुकादमाकडून उचल घेतलेली. उचल घेतली की जावंच लागतं. आईबाप गेले तर मूल कुणाकडे ठेवायचं? म्हणून तेही जातं.

यावर आम्हाला जे थोडंफार जमलं, ते असं. नवरात्राआधीच, म्हणजे निघायच्या महिनाभर आधी, घरोघरी जाऊन विचारायचं: या वर्षी कोण जाणार, कधी, कुठे, मुलं कुणाकडे? आजी-आजोबा घरी राहणार असतील तर मूल ठेवायला आईबाप बहुधा तयार असतात. अडतं ते आजीच्या पोटापाण्यावर. रेशनच्या यादीत तिचं नाव आहे का, पेन्शन सुरू आहे का, हे आधी तपासा. शाळेतलं माध्यान्ह भोजन दुपारचं भागवतं, संध्याकाळच्या डाळ-पिठाची सोय आपण करायची, तीही बचत गटाच्या हातून. समग्र शिक्षा अभियानात स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. त्यासाठी गावातून यादी जावी लागते, आणि ती ऑगस्टपासूनच बीआरसीकडे द्या. सहावीच्या पुढच्या मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, तिथे राहण्या-जेवण्याची सोय असते.

तरीही जाणारी मुलं असतात. त्यांच्यासोबत वाचनाची पातळी लिहिलेला कागद, गोष्टींची दोन पुस्तकं आणि गावात शिकवणाऱ्या आपल्या ताईचा फोन नंबर द्या. पोहोचले की पत्ता विचारा. कायद्यानं ते मूल सुरतेतल्या सरकारी शाळेतही बसू शकतं. भाषेची अडचण येतेच, पण निदान कुणीतरी विचारतंय हे आईबापांना कळतं. भगोरियानंतरचे सहा आठवडे आणि उन्हाळी सुट्टी हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा वर्ग. शहरातले स्वयंसेवक नेमके तेव्हा ऊन म्हणून जात नाहीत.

कागदपत्रं

हे काम दिसायला रुक्ष आहे, पण यातून घरात थेट पैसा येतो. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाशिवाय, पान हलत नाही: कुटुंबाचा आठ अंकी, प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. जन्मदाखला, आधार, समग्र, शाळेची नोंद आणि बँक पासबुक या पाचही ठिकाणी मुलाचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, ते एका तक्त्यात लिहून काढा. एका जागी "कालू", दुसऱ्या जागी "कालूसिंह", आणि शिष्यवृत्ती अडकली! दुरुस्ती पाचवीच्या आत करून घ्या, पुढे फार त्रास होतो. जातीच्या दाखल्यासाठी लोकसेवा केंद्रात अर्ज करून पोचपावती घ्या. मध्य प्रदेशानं २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला आहे, ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. पावती नसेल तर काहीच करता येत नाही. तरीही अडलं तर १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन.

आठवीतल्या हुशार मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पाचवीत नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांची, प्रवेश परीक्षा असते, तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. दोन्हींचे अर्ज ऑनलाइन, आणि तारखा गावात कुणालाच माहीत नसतात. तेवढं तरी आपण नक्की करू शकतो.

गावाचं बळ

भिल समाजात हलमा नावाची रीत आहे. कुणावर काम ओढवलं आणि एकट्यानं होईना, तर तो हलमा बोलावतो. सगळे येतात, मजुरी न घेता काम पुरं करतात. झाबुआत हजारो माणसं हलमा करून डोंगरावर पाणी अडवायला चर खणतात. आमच्या शाळेच्या वाटेवरच्या नाल्यावर दगडी फरशी हवी होती. आम्ही देणगी गोळा करायला निघालो होतो, तेव्हा पटेलदादा म्हणाले, "सिमेंट तुम्ही आणा, बाकी हलमा बोलावतो." दोन दिवसांत वाट झाली. ती वाट गावाची आहे, म्हणून पावसाळ्यात दगड निखळला की गावच बसवतं.

मुलांची सुरक्षितता

यात सवलत कुणालाच नाही. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं. कुणाही मुलाला एकट्यानं गाडीत बसवायचं नाही, घरी मुक्कामाला न्यायचं नाही. मुलाचा चेहरा आणि गावाचं नाव एकत्र कुठेही टाकायचं नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्यानं (२०१२) कळवणं बंधनकारक आहे, "गावात मिटवू" चालत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

पैसा आणि नोंदणी

पहिली दोन वर्षं संस्था काढू नका. सहा-सात जण, एक वही, प्रत्येकाची ठरलेली मासिक वर्गणी. तेवढ्यात पाळणाघर, ताईचं मानधन आणि पुस्तकं भागतात. काम टिकलं तर सोसायटी नोंदवा. मध्य प्रदेशात १९७३च्या कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. देणगीदाराला ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, हवी असेल तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही. हे आधीच स्पष्ट सांगा. अमेरिकेतल्या मुला-भाच्यांकडून पैसे घेताना पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल तर त्याच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल तर एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) परवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. आणि दर सहा महिन्यांनी हिशेब गावात, शाळेच्या ओट्यावर, मोठ्यानं वाचून दाखवा. इंदुरातल्या देणगीदारांना नंतर पाठवला तरी चालेल.

राहिली ती दोन गाठोडी. कपडे आम्ही आता बचत गटाकडे देतो, मुलांना नाही. बायका ते निवडतात, हाटाच्या आदल्या दिवशी ओट्यावर मांडतात आणि पाच-दहा रुपयांना विकतात. घेणारा पारखून, घासाघीस करून घेतो, आणि पैसे गटाच्या पेटीत जातात. तेव्हा पाठवायचे असतील तर धुऊन, घड्या घालून, बटणं तपासून पाठवा. फाटका असेल तो घरीच पोछ्याला ठेवा. आणि स्वेटर दिवाळीनंतर नको, आधी द्या. निघणारी माणसं ते सोबत नेतात.